बर्फावरचा पगार दिवसांवर मोजतात

प्रश्न थोडक्यात असा आहे: टोरांटोजवळ राहणाऱ्या बहिणीचा मुलगा तेरा वर्षांचा, ट्रिपल-ए (मुलांच्या हॉकीतली सगळ्यात वरची पातळी) संघात आइस हॉकी खेळतो. घरात बोललं जातं की पोरगा एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगमध्ये, शिरला तर कमीत कमी पगारच पावणेआठ लाख डॉलर आहे, मग आत्ता वर्षाला दहा-पंधरा हजार घातले तर काय बिघडलं? हा हिशेब बरोबर आहे का?

आकडा बरोबर आहे, हिशेब नाही. २०२५-२६ च्या हंगामात एनएचएलचा किमान पगार ७ लाख ७५ हजार अमेरिकी डॉलर आहे. खेळाडू संघटना आणि मालक यांच्यात २०२५ च्या उन्हाळ्यात ठरलेल्या नव्या करारानुसार २०२६-२७ ला तो साडेआठ लाख होतो आणि पुढे दरवर्षी ५० हजारांनी वाढत २०२९-३० ला १० लाखांवर जातो. कॅनडातले सातही संघ पगार अमेरिकी डॉलरमध्येच देतात, तेव्हा चलनाची काळजी नको. पण हा पगार हंगामाच्या दिवसांवर भागलेला असतो. नियमित हंगाम साधारण १९० दिवसांचा धरा. किमान पगाराच्या खेळाडूला संघाच्या यादीत असलेल्या प्रत्येक दिवसाचे सुमारे ४,०८० डॉलर मिळतात. सामना खेळला की नाही याचा संबंध नाही, यादीत नाव हवं. यादीतून नाव उतरलं की मीटर बंद.

बहुतेक नव्या खेळाडूंचा करार ‘टू-वे’ असतो. म्हणजे एकाच कागदावर दोन पगार: वर एनएचएलमध्ये असेल तर एक, खाली एएचएलमध्ये असेल तर दुसरा. एएचएल ही एनएचएलच्या खालची पायरी. तिथेही ३२ संघ, प्रत्येकी ७२ सामने, आणि प्रत्येक संघ वरच्या एका संघाशी बांधलेला. पहिल्या करारावरच्या पोराचा खालचा पगार ऐंशी-पंच्याऐंशी हजारांच्या आसपास असतो. अनुभवी, वर-खाली करणाऱ्या खेळाडूला एजंट तो लाख-दोन लाखांपर्यंत नेऊन देतो. आता समजा वरचा पगार ७,७५,००० आणि खालचा १,००,०००. खेळाडू हंगामात ४० दिवस वर राहिला, १५० दिवस खाली. वरचे झाले १ लाख ६३ हजार, खालचे ७९ हजार. एकूण २ लाख ४२ हजार. पेपरात नाव ‘एनएचएल खेळाडू’ म्हणूनच येतं, पण घरच्यांनी मनात धरलेल्या रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी पैसे झाले, तेही कर कापायच्या आधी.

म्हणून अशा खेळाडूच्या करारात वरच्या पगारापेक्षा दोन गोष्टी आधी बघाव्यात: खालचा पगार किती, आणि ‘हमी रक्कम’ लिहिली आहे का. हमी रक्कम म्हणजे वर एकही दिवस गेला नाही तरी हंगामाअखेर एवढे डॉलर मिळणारच. वरच्या आकड्यावर भांडण्यात अर्थ नसतो, कारण तो बहुधा किमानच असतो. खालच्या ओळीवर भांडता येतं, आणि फरकही तिथेच पडतो.

त्याहून खाली ईसीएचएल. तिथे पगार आठवड्यावर, नवख्याला आठवड्याला पाचशे डॉलरच्या घरात, राहायला जागा संघ देतो, उन्हाळ्यात काही नाही. बसने रात्र रात्र प्रवास, शुक्रवार-शनिवार-रविवार सलग तीन सामने हा तिथला नेहमीचा क्रम. गोलींसाठी (गोलरक्षकांसाठी) मात्र ही पायरी वाईट नाही, कारण गोली उशिरा पिकतो आणि त्याला बाकावर बसण्यापेक्षा खालच्या लीगमध्ये सामने मिळणं जास्त उपयोगाचं.

आता जागा मोजू. ३२ संघ, प्रत्येकाच्या यादीत जास्तीत जास्त २३ जण. म्हणजे हंगामाच्या बहुतेक दिवशी जगात एनएचएलच्या साधारण ७३६ नोकऱ्या, त्यांतही साधारण ६४ गोलींच्या. सामन्याला कपडे चढवतात ते २०: बारा फॉरवर्ड, सहा डिफेन्समन, दोन गोली. दरवर्षीच्या ड्राफ्टमध्ये सात फेऱ्यांत २२४ मुलं निवडली जातात. जुने २२४ त्या वर्षी निवृत्त होत नाहीत हे उघड आहे. ड्राफ्टमध्ये नाव आलं म्हणजे नोकरी लागली असं समजून पेढे वाटणारी घरं इथेच फसतात. ड्राफ्ट म्हणजे त्या मुलाशी करार करण्याचा हक्क एका संघाला मिळाला, एवढंच. पैसा करारावर सही झाल्यावर, आणि सही व्हायची की नाही हे संघ ठरवतो.

पहिल्या कराराला ‘एंट्री लेव्हल’ म्हणतात आणि तो जवळजवळ साच्यातला असतो. सही करताना वय १८ ते २१ असेल तर तीन वर्षं, २२-२३ ला दोन, २४ ला एक. २०२५ च्या ड्राफ्टमधल्या मुलाला मूळ पगार जास्तीत जास्त ९ लाख ७५ हजार, त्यात साइनिंग बोनस (सही केल्याबद्दलची रक्कम) धरून, आणि तो बोनस पगाराच्या दहा टक्क्यांवर जात नाही. वर कामगिरीचे बोनस. हे दोन प्रकारचे. पहिल्यात २० गोल, ३५ असिस्ट, ६० गुण (गोल आणि असिस्ट मिळून) असे टप्पे असतात, प्रत्येकाला अडीच लाख आणि सगळे मिळून १० लाखांची मर्यादा. दुसऱ्यात लीगचे मोठे पुरस्कार किंवा सर्वोत्तम खेळाडूंच्या क्रमवारीतलं स्थान, कमाल २५ लाख. २०२३ ला पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला कॉनर बेडार्ड शिकागोत याच साच्यात बसला होता: मूळ साडेनऊ लाख, बोनस धरून वर्षाला कमाल ४४ लाख ५० हजार. तिसऱ्या-चौथ्या फेरीतल्या मुलाला मोठे बोनस सहसा देतच नाहीत.

या करारात एक बारकावा आहे, तो पालकांना फार उशिरा कळतो. १८ किंवा १९ वर्षांचा मुलगा सही करूनही त्या हंगामात एनएचएलचे दहापेक्षा कमी सामने खेळला, तर करार एक वर्ष पुढे सरकतो. नऊ सामने खेळवून मुलाला परत ज्युनियर लीगला पाठवल्याच्या बातम्या येतात त्या यामुळे. मुलगा ‘अजून तयार नाही’ हे कधी कधी खरं असतं, कधी कधी संघाला त्याचं स्वस्त वर्ष वाया घालवायचं नसतं. दोन्ही एकाच वाक्यात सांगितलं जातं.

खरा पैसा दुसऱ्या आणि तिसऱ्या करारात आहे, आणि तो गुणांइतकाच वयावर अवलंबून आहे. एंट्री लेव्हल संपला की खेळाडू ‘मर्यादित मोकळा’ होतो: त्याचा हक्क जुन्या संघाकडेच राहतो. संघाने ठरावीक तारखेच्या आत ‘क्वालिफाइंग ऑफर’ दिली, म्हणजे साधारण जुन्या पगाराइतका किंवा जरा जास्त असा एक वर्षाचा प्रस्ताव दिला, की मुलगा दुसरीकडे सहज जाऊ शकत नाही. त्याच्या हातात उरतात तीन हत्यारं: सही न करता बसून राहणं, पात्र असेल तर लवादाकडे जाणं, आणि दुसऱ्या संघाकडून ‘ऑफर शीट’ मिळवणं, म्हणजे असा प्रस्ताव की जुन्या संघाने तेवढेच पैसे दिले नाहीत तर खेळाडू तिकडे जातो. हे शेवटचं हत्यार क्वचितच निघतं, पण ऑगस्ट २०२४ मध्ये सेंट लुइसने एडमंटनच्या फिलिप ब्रोबर्गला वर्षाला सुमारे ४५ लाख ८० हजार आणि डिलन हॉलोवेला सुमारे २२ लाख ९० हजार अशा दोन-दोन वर्षांच्या ऑफर दिल्या. एडमंटनकडे कॅपमध्ये (संघाच्या एकूण पगाराच्या मर्यादेत) जागा नव्हती आणि दोघेही एकाच दिवशी गेले. तेव्हापासून लहान वयाच्या खेळाडूंना संघ जरा लवकर विचारू लागले आहेत.

पूर्ण मोकळीक वयाच्या २७ व्या वर्षी किंवा सात मोजलेल्या हंगामांनंतर, यातलं जे आधी येईल तेव्हा. हंगाम मोजला जायला यादीवर ४० सामने लागतात, गोलीला ३०. म्हणजे अठराव्या वर्षी वर पोहोचलेला मुलगा पंचविसाव्या वर्षी बाजारात उभा राहतो, पायात दम असताना. तेविसाव्या वर्षी पोहोचलेला सत्ताविसाव्या वर्षी मोकळा होतो आणि त्याला दीर्घ मुदतीचा एकच मोठा करार मिळायची शक्यता असते. संघांना आता तिशीनंतरच्या पायांवर विश्वास राहिलेला नाही. ‘मला बदली करू नका’ हे कलमही या मोकळिकीच्या वयानंतरच लागू करता येतं, त्याआधी कुठल्याही सकाळी फोन येऊन दुसऱ्या शहरात जावं लागतं.

वरच्या टोकाला काय चाललं आहे? सॅलरी कॅप, म्हणजे एका संघाच्या एकूण पगाराची मर्यादा, २००५-०६ ला ३ कोटी ९० लाख डॉलर होती. कोविडमुळे ती ८ कोटी १५ लाखांवर गोठून राहिली, २०२४-२५ ला ८ कोटी ८० लाख झाली आणि २०२५-२६ ला एकदम ९ कोटी ५५ लाख. २०२६-२७ साठी १० कोटी ४० लाखांचा आकडा आधीच सांगून ठेवला होता. एका खेळाडूला कॅपच्या २० टक्क्यांहून जास्त देता येत नाही. एडमंटनच्या लिऑन ड्रायसायट्लचा आठ वर्षांचा ११ कोटी २० लाखांचा करार २०२५-२६ पासून चालू झाला. मिनेसोटाच्या किरिल कप्रीझोव्हने सप्टेंबर २०२५ मध्ये आठ वर्षं, १३ कोटी ६० लाख, म्हणजे वर्षाला सरासरी १ कोटी ७० लाख अशी सही केली. आणि त्याच्यानंतर काही दिवसांतच एडमंटनच्याच कॉनर मॅकडेव्हिडने फक्त दोन वर्षं, सव्वा कोटी सरासरीवर थांबायचं ठरवलं. बाजारात याहून बरंच जास्त मिळालं असतं. कमी घेऊन संघाला बाकीचे चांगले खेळाडू घेता यावेत, आणि मुदत छोटी ठेवून कॅप वाढल्यावर पुन्हा बोलता यावं, हा त्यातला दुहेरी डाव आहे. पण ही चैन जगात पाच-सहा जणांना परवडते.

बातमीतली ‘वर्षाला सरासरी’ आणि त्या वर्षी हातात येणारी रोकड या वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे सांगायला हवं. सरासरी कॅप मोजायला वापरतात. रोकड करारात वर्षागणिक वेगळी लिहिलेली असते. टोरांटोच्या ऑस्टन मॅथ्यूजच्या २०२३ मधल्या चार वर्षांच्या ५ कोटी ३० लाखांच्या करारात पगार नावापुरता किमान ठेवून जवळजवळ सगळी रक्कम साइनिंग बोनस म्हणून लिहिली गेली. का? तीन कारणं. बोनस १ जुलैला एकरकमी हातात येतो. लॉकआउट झाला, म्हणजे मालकांनी खेळ बंद ठेवला, तरी तो द्यावा लागतो, आणि हे भय पोकळ नाही: २००४-०५ चा अख्खा हंगाम रद्द झाला होता आणि २०१२-१३ ला ४८ सामन्यांवर भागलं होतं. तिसरं, बायआउटमध्ये बोनसला कात्री लागत नाही. संघाने करार मोडला तर २६ किंवा जास्त वयाच्या खेळाडूला उरलेल्या पगाराचे दोन तृतीयांश आणि त्याहून लहान असेल तर एक तृतीयांश, तेही उरलेल्या वर्षांच्या दुप्पट मुदतीत पसरवून मिळतात. बोनस मात्र पूर्ण. मालक-खेळाडूंच्या नव्या करारानुसार एकूण रकमेच्या ६० टक्क्यांवर बोनस ठेवता येणार नाही, तेव्हा ही पळवाट अरुंद झाली आहे.

नव्या करारात पगार पुढच्या वर्षांवर ढकलण्यालाही बंदी आली. त्यावर एक जुनी गोष्ट आठवते: पिट्सबर्ग पेंग्विन्स १९९८ ला दिवाळखोरीत गेले तेव्हा त्यांच्या स्टार खेळाडूचे, मारिओ लेम्यूचे, ३ कोटींहून जास्त डॉलर थकलेले होते. त्याने त्या येण्याचं भांडवलात रूपांतर केलं आणि १९९९ ला तो संघाचा मालकच झाला. सगळ्यांच्या थकबाकीचा शेवट असा होत नाही.

आता कापाकापी. पहिली कपात ‘एस्क्रो’. लीगच्या हॉकीतून येणाऱ्या उत्पन्नाचे मालक आणि खेळाडू यांच्यात अर्धे-अर्धे वाटे असतात. सगळ्या पगारांची बेरीज खेळाडूंच्या अर्ध्या वाट्याच्या वर गेली तर वरचं मालकांना परत जातं, म्हणून प्रत्येक पगारातून काही टक्के आधीच बाजूला ठेवतात. कोविडच्या २०२०-२१ हंगामात हे २० टक्के होते, नंतर उतरत २०२३-२४ ला ६ टक्क्यांवर आले. हंगामाचा हिशेब मिटल्यावर यातलं काही परत मिळू शकतं, पण घरखर्चात ते धरू नये.

दुसरी एजंटची दलाली, साधारण ३ ते ४ टक्के, आणि ती निगोशिएट होते. एजंट खेळाडू संघटनेकडे नोंदलेला असावा. ट्रिपल-ए च्या वयात हेच लोक ‘फॅमिली ॲडव्हायझर’ या नावाने घरी येतात, कारण एजंट ठेवला तर अमेरिकी विद्यापीठांचा दरवाजा बंद व्हायचा. तेराव्या वर्षी असा कुणी पैसे मागत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं. चांगले लोक या वयात फी घेत नाहीत. एजंट कुणाच्या बाजूने बसलाय हे तपासत राहण्याचं कारण हॉकीत सगळ्यांना पाठ आहे: ॲलन ईगल्सन एकाच वेळी खेळाडू संघटनेचा प्रमुख आणि बड्या खेळाडूंचा एजंट होता. १९७६ ला बॉस्टनने ईगल्सन ज्याचा एजंट होता त्या बॉबी ऑरला संघातली १८.५ टक्के मालकी देऊ केली होती, ती गोष्ट ऑरपर्यंत पोहोचलीच नाही. ईगल्सनला १९९८ ला फसवणुकीबद्दल शिक्षा झाली.

तिसरा आणि सगळ्यात मोठा घास कराचा. खेळाडू जिथे जिथे सामना खेळतो ते राज्य त्या दिवसांचा कर मागतं, त्यामुळे एका वर्षात पंधरा-वीस विवरणपत्रं भरणं नेहमीचं आहे. फ्लोरिडा, टेक्सस, टेनेसी, नेवाडा, वॉशिंग्टन इथे पगारावर राज्याचा कर नाही. उलट ओंटारियोत वरच्या उत्पन्नावर ५३.५३ टक्के, क्वेबेकमध्ये ५३.३१.

किमान पगाराचा माणूस, पूर्ण हंगाम वर, अविवाहित. ७,७५,००० मधून ६ टक्के एस्क्रो गेला ४६,५००. एजंटचे ३ टक्के २३,२५०. फ्लोरिडात घर असेल तर अमेरिकेचा केंद्रीय कर, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर मिळून अडीच लाखांच्या जवळ जातात. वर बाहेरगावच्या सामन्यांचे राज्यकर दहा-वीस हजार. हातात उरले साधारण ४ लाख ४० हजार. तोच खेळाडू टोरांटोत राहून खेळत असेल तर एस्क्रोनंतरच्या रकमेतली जवळजवळ निम्मी करात जाते, आणि हातात साडेतीन लाखांच्या जरा आत पडतात. पगार एकच, फरक लाखाचा. कॅनडातले खेळाडू यावर आरसीए नावाची निवृत्ती-योजना वापरतात: पगाराचा भाग आज बाजूला ठेवून पुढे कमी कराच्या ठिकाणी राहायला गेल्यावर काढायचा. तिचा खर्च आणि अटी लक्षात घेता ती किमान पगाराच्या माणसासाठी सहसा नाही, मोठ्या करारवाल्यांसाठी आहे. अमेरिकेत राहणाऱ्या खेळाडूने कॅनडातल्या संघाकडून घेतलेल्या साइनिंग बोनसवर दोन्ही देशांतल्या करारानुसार कॅनडा १५ टक्केच घेतो, असा समज होता. टोरांटोशी करार केलेल्या जॉन टावारेसच्या २०१८ च्या १ कोटी ५२ लाख ५० हजारांच्या बोनसवर कॅनडाच्या कर खात्याने हा पगारच आहे असं म्हणत जास्त कर लावला आणि प्रकरण कर न्यायालयात गेलं. तेव्हा ‘टोरांटोतही बोनसने कर वाचतो’ असं कुणी छातीठोक सांगत असेल तर जपून.

पैसा येण्याचं वेळापत्रकही विचित्र आहे. ऑक्टोबर ते एप्रिल, महिन्यातून दोनदा, असे तेराच्या आसपास हप्ते. मे ते सप्टेंबर काही नाही. प्लेऑफमध्ये, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, पगार नसतो. लीगचा वेगळा निधी असतो, त्यातून जितक्या फेऱ्या पार केल्या तितका वाटा. दोन महिने अंग मोडून घेतल्यावर येणारी ही रक्कम बड्या खेळाडूच्या नेहमीच्या पगारापुढे अगदीच किरकोळ असते. उन्हाळ्यातला स्केटिंग प्रशिक्षक, ताकदीचा प्रशिक्षक, बर्फाचं भाडं हे खेळाडूच्या खिशातून. स्टिक आणि स्केट तेवढे संघ देतो, आणि ही सवलत लहान नाही, कारण चांगली कंपोझिट स्टिक तीन-चारशे डॉलरची असते आणि एका स्लॅपशॉटमध्ये मोडते.

पैसा जातो कुठे, यात आश्चर्य काही नाही. पहिल्या वर्षीची गाडी. बदलीनंतर दोन शहरांत चालू राहिलेली दोन भाडी. भाऊ-मित्रांचं उपाहारगृह. आणि मुखत्यारपत्र, जे सगळ्यात घातक. डिफेन्समन जॅक जॉन्सनने २०११ ला सात वर्षांचा ३ कोटी ५ लाखांचा करार केला होता, आणि २०१४ ला त्याला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला, कारण घरच्यांना दिलेल्या मुखत्यारपत्रावर त्याच्या भावी पगाराच्या जिवावर मोठ्या व्याजाची कर्जं उचलली गेली होती. बिलं भरणारा, गुंतवणूक करणारा आणि हिशेब तपासणारा हे तीन वेगळे लोक हवेत, आणि त्यांतला एकही नातेवाईक नसावा. आपल्याकडच्या मंडळींना हे ऐकायला कडू लागतं, पण बाविसाव्या वर्षी कोट्यधीश झालेल्या मुलाशी नातं टिकवायचं असेल तर त्याच्या खात्यावर सही न करणं हाच सोपा मार्ग.

दुखापतीचं कलम तुलनेने चांगलं आहे. खेळताना जखमी झालेल्याला त्या करारातला पगार चालू राहतो, वर असताना जखमी झाला तर वरचाच. म्हणून खाली पाठवण्याआधी दुखणं लपवू नये. तपासणीत नोंद न करता खाली गेलं आणि मग गुडघा बोलू लागला, तर पगार खालचा. डोक्याच्या माराबाबत तर नोंद हवीच हवी. पैशापलीकडे, पुढची चाळीस वर्षं त्याच डोक्याने जगायचंय.

सत्तावीस-अठ्ठाविसाव्या वर्षी एएचएलमध्येच अडकलेल्याने युरोपचा विचार वेळेवर करावा. स्वित्झर्लंडची नॅशनल लीग, स्वीडनची एसएचएल, जर्मनीची डीईएल इथे चांगल्या परदेशी खेळाडूला एएचएलपेक्षा बरे पैसे मिळतात, आणि करार बहुधा ‘नक्त’ असतो: कर संघ भरतो, घर आणि गाडीही देतो. परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या असल्यामुळे तिथे गोल करणारा फॉरवर्ड किंवा पॉवर-प्ले (समोरचा गडी शिक्षेवर बाहेर असतानाचा खेळ) चालवणारा डिफेन्समन मागतात. अंगावर पक (हॉकीची चकती) झेलणारा चौथ्या फळीचा मेहनती गडी त्यांना स्वतःच्या गावात मिळतो. चुकतं ते असं: खेळाडू ‘अजून एक वर्ष, एक कॉल-अप (वरून बोलावणं)’ म्हणत तिशी गाठतो आणि मग युरोपातल्या दुय्यम लीगचेच प्रस्ताव येतात. करारात तीन ओळी शोधाव्यात: पगार उशिरा झाला तर करार मोडता येतो का, कुटुंबाचा वैद्यकीय विमा आहे का, आणि कर भरल्याचा दाखला संघ देणार का. शेवटचा नसेल तर तीन वर्षांनी मायदेशाचं कर खातं पत्र पाठवतं.

मुलींसाठी चित्र अगदी वेगळं आहे. महिलांची व्यावसायिक लीग पीडब्ल्यूएचएल जानेवारी २०२४ ला सुरू झाली. पहिल्या हंगामात किमान पगार ३५ हजार डॉलर, संघाची सरासरी ५५ हजार, आणि प्रत्येक संघात किमान सहा जणींना ८० हजार किंवा जास्त, वर्षाला ३ टक्के वाढ. हा करार २०३१ पर्यंतचा. २०२५-२६ ला संघ आठ होते. पदवी हातात ठेवून खेळणं हाच तिथला शहाणपणा, आणि बहुतेकजणी तेच करतात.

भारतीय नावं एनएचएलमध्ये अगदी नाहीत असं नाही: १९८९ ला वॉशिंग्टनकडून खेळलेला रॉबिन बावा, मग मॅनी मल्होत्रा, जुझार खैरा, २०२४ ला व्हँकुव्हरचा अर्शदीप बैन्स. सगळे कॅनडात वाढलेले. लडाखच्या मुलामुलींनी भारताचे राष्ट्रीय संघ उभे केले आहेत, पण भारतात या खेळावर पोट भरेल अशी लीग नाही. पुण्या-मुंबईत चाकांच्या स्केटवर तयार झालेल्या मुलाने व्यावसायिक कारकिर्दीचं स्वप्न बघावं असं सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. तोल आणि दम कामी येतात, पण बर्फावरची धार वेगळी आणि ती आठव्या वर्षाच्या आत पायात मुरते.

राहिला भाचा. पुढच्या दोन वर्षांत ओएचएलचा ड्राफ्ट येईल. ओएचएल, डब्ल्यूएचएल आणि क्वेबेकची लीग मिळून कॅनडाचं मेजर ज्युनियर. तिथे सोळा ते वीस वयाची मुलं किरकोळ भत्त्यावर खेळतात, यजमान कुटुंबात राहतात, आणि खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे एका वर्षाच्या शिक्षणाचा खर्च कमावतात. एनएचएलचा करार केला किंवा ठरलेल्या मुदतीत शिक्षण सुरू केलं नाही तर हा खर्च निसटतो, तेव्हा सही करताना त्या पानावरच्या तारखा वहीत उतरवून घ्याव्यात. पूर्वी ओएचएलमध्ये एक सामना खेळला की अमेरिकी विद्यापीठांचं हॉकी कायमचं बंद व्हायचं. तो नियम १ ऑगस्ट २०२५ पासून गेला, आणि डब्ल्यूएचएलच्या मेडिसिन हॅट संघातून गॅव्हिन मकेना हा खेळाडू थेट अमेरिकेच्या पेन स्टेट विद्यापीठाला गेला. म्हणजे सोळाव्या वर्षी ज्युनियर, एकोणिसाव्या वर्षी विद्यापीठ, बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी करार, असा रस्ता आता मोकळा आहे. उशिरा वाढणाऱ्या मुलासाठी हा फार मोठा फरक आहे.

त्यामुळे या वर्षी खर्च करायचाच तर दुसऱ्या उन्हाळी कॅम्पपेक्षा स्केटिंगच्या पायाभूत शिकवणीवर करावा, आणि एक गोष्ट फुकटात होते ती आधी करावी: शाळेच्या समुपदेशकाला भेटून विषय तपासून घ्यावेत. अमेरिकी विद्यापीठांच्या पहिल्या विभागात (डिव्हिजन वन) खेळायला १६ मुख्य विषय मोजतात, इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र असे. ते नववीपासून मोजले जातात आणि सोप्या पातळीचे काही वर्ग त्यात धरत नाहीत. हॉकीला वेळ मिळावा म्हणून नववीत गणिताची हलकी पातळी निवडली आणि बारावीत हे लक्षात आलं, तर तेव्हा दुरुस्त करायला वेळ उरत नाही. भाच्याची नववी येत्या सप्टेंबरात सुरू होत असेल, तर हे काम या उन्हाळ्यातलं आहे.